जुन्या गाडीचा मूळ नट-बोल्ट: ठेवायचा की बदलायचा?

जुनी गाडी रिस्टोअर करायला घेतली की इंजिन, रंग, क्रोम आणि सीटच्या चामड्यावर महिनोन्‌महिने चर्चा होते. नट-बोल्टांचा निकाल मात्र एका संध्याकाळी लागतो. गंजके, तेलकट बोल्ट भंगारात जातात आणि चकचकीत नवा संच मागवला जातो. माझ्या मते रिस्टोरेशनमध्ये कुणाच्या लक्षातही न येता होणारं सर्वांत मोठं नुकसान ते हेच. भंगारात गेलेल्यांपैकी बरेच बोल्ट नव्यांपेक्षा सरस असतात. त्याच ढिगात काही असेही असतात, जे पुन्हा बसवले तर जिवावर बेतू शकतं. वरून दोन्ही सारखेच गंजलेले दिसतात, म्हणून ते ओळखायचे कसे हे नीट समजून घ्यायला हवं.

आधी बोल्ट नेमकं काय काम करतो ते पाहू. बोल्ट म्हणजे दोन भागांतून आरपार घातलेली खुंटी, असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात तो एक अतिशय कडक स्प्रिंग असतो. आपण नट आवळतो तेव्हा बोल्ट ताणला जातो, मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी, पण ताणला जातोच. मग तो पुन्हा आखडायला बघतो आणि त्या ओढीने दोन्ही भाग एकमेकांवर दाबून धरतो. १० मिलिमीटर जाडीचा, ८.८ दर्जाचा साधा बोल्ट नीट आवळला तर सुमारे अडीच टनांच्या ओढीने सांधा धरून ठेवतो. भाग जागेवर राहतात ते या दाबामुळे आणि त्यातून येणाऱ्या घर्षणामुळे.

दाब पुरेसा असेल तर रस्त्यावरच्या धक्क्यांचा फार थोडा भाग बोल्टपर्यंत पोहोचतो. बोल्ट सैल असेल तर प्रत्येक धक्का थेट त्याच्या अंगावर येतो, धातू थकत जातो, आट्याच्या तळाशी बारीक चीर पडते आणि एक दिवस तो तुटतो. म्हणूनच तुटलेले बोल्ट पाहिले तर जास्त आवळल्याने तुटलेल्यांपेक्षा कमी आवळल्याने तुटलेले अधिक सापडतात. बोल्टचा दर्जा म्हणजे हा ताण वर्षानुवर्षं टिकवून धरण्याची त्याची ताकद. ती पोलादावर, आटे कसे बनवले त्यावर आणि बोल्ट किती अचूक बसतो त्यावर ठरते. शिवाय त्याने आजवर काय काय सोसलंय, हेही त्यात आलंच.

डोक्यावरच्या खुणा आणि कोरी डोकी

अमेरिकी बोल्टच्या डोक्यावर तीन रेघा असतील तर तो ग्रेड ५, सहा असतील तर ग्रेड ८. ग्रेड ५ चं पोलाद दर चौरस इंचाला १,२०,००० पौंड ताणापर्यंत तुटत नाही, ग्रेड ८ चं १,५०,००० पर्यंत. मेट्रिक बोल्टवर ८.८, १०.९ असे आकडे असतात. त्यातला पहिला आकडा शंभराने गुणला की साधारण किती मेगापास्कलला (ताण मोजायचं एकक) बोल्ट तुटेल ते कळतं. दुसरा आकडा सांगतो की त्या ताणाच्या किती दशांशावर तो कायमचा लांबू लागेल. म्हणजे ८.८ चा बोल्ट ८०० ला तुटणार आणि ६४० ला लांबायला लागणार. जुन्या ब्रिटिश बोल्टवर अक्षरं सापडतात. आर म्हणजे दर चौरस इंचाला ४५ टन, टी म्हणजे ५५ टन. जोडीला जीकेएन, न्यूऑल, बीज अशी बनवणाऱ्याची नावंही उठवलेली असतात.

इथेच एक मोठी फसगत होते. डोकं कोरं असलं की बोल्ट मऊ लोखंडाचा, असं आजचा नियम शिकलेला माणूस समजतो. पण १९१०-२० च्या दशकांतल्या गाड्यांच्या काळात या खुणा रूढच नव्हत्या. चांगल्या कारखान्यांत स्टिअरिंग, अॅक्सल, कनेक्टिंग रॉड अशा ठिकाणी निकेल किंवा निकेल-क्रोम पोलादाचे बोल्ट वापरत आणि त्यांची डोकी कोरीच असत. असा बोल्ट काढून त्या जागी बाजारातला साधा बिनखुणेचा बोल्ट घातला तर दिसायला दोन्ही सारखे, पण ताकद निम्म्याच्या आसपास. शंका असेल तर रॉकवेल यंत्रावर डोक्याचा कडकपणा मोजून घ्यावा. त्यावरून पोलादाच्या ताकदीचा बऱ्यापैकी अंदाज येतो आणि बोल्टही शाबूत राहतो.

काही कारखान्यांनी या बाबतीत जवळजवळ हट्टच धरला होता. रोल्स-रॉइसच्या सुरुवातीच्या गाड्यांच्या चॅसीत जागोजागी रिव्हेटऐवजी किंचित निमुळते बोल्ट वापरले होते. भोक हाताने रीमर (भोक अचूक मापाला आणणारं हत्यार) फिरवून त्याच निमुळत्या मापाचं करायचं आणि बोल्ट त्यात अंगासरशी बसवायचा. असा बोल्ट हरवला तर दुकानातला कोणताही बोल्ट त्याच्या जागी चालत नाही. बुगाटीनेही मोल्सहाइमच्या आपल्या कारखान्यात गाड्यांसाठी चौकोनी डोक्याचे वेगळे बोल्ट बनवले. त्या गाड्यांवर षटकोनी डोकं दिसलं की जाणकाराला नजरेतच चूक कळते.

उलट आज नव्या बोल्टवर खूण आहे म्हणून डोळे झाकून विश्वास ठेवावा अशीही स्थिती नाही. १९८० च्या दशकात अमेरिकेत ग्रेड ८ ची खूण मारलेले, पण प्रत्यक्षात कमी कार्बनच्या बोरॉन पोलादाचे बोल्ट मोठ्या प्रमाणावर विकले गेले. गार असताना ते ठीक वाटत, गरम जागी मात्र ताकद गमावत. प्रकरण इतकं वाढलं की १९९० मध्ये तिथे फास्टनर क्वालिटी अॅक्ट हा कायदाच करावा लागला. डोक्यावरची खूण म्हणजे बनवणाऱ्याने दिलेला शब्द. तो कुणाकडून आलाय याला महत्त्व आहे.

आटे भिंगाखाली

एक जुना बोल्ट रॉकेलमध्ये धुऊन, मऊ ब्रशने घासून भिंगाखाली धरा. आटे दोन तऱ्हांनी बनतात. एकात धातू कापून काढतात. अशा आट्याच्या उतारावर हत्याराच्या बारीक ओरखड्यांच्या रेघा गोल फिरताना दिसतात, कडा थोड्या खरबरीत लागतात आणि आटे नसलेला बोल्टचा दांडा आट्यांच्या शिखरांइतकाच जाड असतो. दुसऱ्या तऱ्हेत गार दांडा दोन कडक साच्यांमध्ये दाबून लाटतात आणि धातू सरकून आटे उठतात. त्यांचा उतार आरशासारखा गुळगुळीत असतो. शिखरावर कधी कधी केसासारखी बारीक शिवण दिसते आणि टोकाशी धातू पुढे सरकल्याने छोटी खळी राहते. लाटलेल्या बोल्टांपैकी बऱ्याच जणांचा दांडा आट्यांच्या शिखरांपेक्षा किंचित बारीक असतो.

पोलादाला लाकडासारख्या आतून रेषा असतात. कापलेल्या आट्यांत त्या तुटतात, लाटलेल्या आट्यांत त्या आट्याच्या आकाराप्रमाणे वळतात. शिवाय लाटताना आट्याचा तळ दाबला जाऊन कडक होतो आणि चीर बहुधा तिथेच पडते. त्यामुळे वारंवार बदलणाऱ्या ताणाखाली लाटलेले आटे कापलेल्यांपेक्षा बरेच जास्त टिकतात. चांगल्या मूळ बोल्टच्या डोक्याखालीही असंच काम दिसतं. दांडा डोक्याला मिळतो तिथे काटकोन न ठेवता छोटी गोलाई ठेवलेली असते आणि डोक्याची बसायची बाजू सपाट खरवडलेली असते.

जुनं ते सगळं सोनं, असं मात्र मी म्हणणार नाही. फार जुन्या बोल्टांचे आटे बहुधा कापलेलेच असतात आणि त्या काळच्या पोलादात आतमध्ये मळीचे, म्हणजे अशुद्ध कचऱ्याचे, कण जास्त असत. आज नावाजलेल्या कारखान्यातून प्रमाणपत्रासह घेतलेला १०.९ चा बोल्ट धातू म्हणून त्या काळच्या बहुतेक बोल्टांपेक्षा स्वच्छ आणि एकसारखा असतो. मूळ बोल्ट जिंकतो तो वेगळ्या ठिकाणी. तो त्या जागेसाठी, त्या लांबीचा, तितक्या लांब कोऱ्या दांड्याचा बनवलेला असतो.

या कोऱ्या दांड्याकडे लोक सर्रास दुर्लक्ष करतात. पाटा-स्प्रिंगचा शॅकल (स्प्रिंगचं टोक चॅसीला जोडणारा झुलता दुवा), शॉक अॅब्सॉर्बरची दांडी, प्रॉपेलर शाफ्टची फ्लँज, स्टिअरिंग आर्म अशा ठिकाणी भोकात कोरा दांडा टेकायला हवा, आटे नव्हेत. सुट्या विक्रीत लहान लांबीचे बोल्ट बहुधा डोक्यापर्यंत आटे असलेलेच मिळतात. तसा बोल्ट शॅकलमध्ये घातला की आट्यांच्या धारदार शिखरांवर सगळा भार येतो. शिखरं चेपतात, भोक कानशीने घासल्यासारखं मोठं होतं, खेळ वाढतो आणि सांधा वाजायला लागतो. शिवाय आटे असलेल्या भागाचा आडवा छेद लहान, म्हणजे कातर ताण (बोल्टला आडवा कापू पाहणारा जोर) सोसायची ताकदही कमी. बोल्टच्या डोक्यावर ८.८ लिहिलेलं असूनही तो त्या जागी मूळ बोल्टपेक्षा कमकुवतच ठरतो.

आटे जुळतात, पण खरंच जुळतात का?

जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये ब्रिटनमध्ये आट्यांचं पहिलं सर्वमान्य माप मांडलं. त्यात आट्याचा कोन ५५ अंश आणि शिखर-तळ गोलसर. अमेरिकेत विल्यम सेलर्स यांनी १८६४ मध्ये ६० अंशांचा, सपाट शिखरांचा आटा सुचवला, कारण तो बनवायला सोपा होता. ब्रिटनमध्ये पुढे बारीक आट्यांची बीएसएफ पद्धत १९०८ मध्ये आली. विजेच्या आणि नाजूक भागांसाठी त्याआधीपासूनच ४७.५ अंशांची बीए पद्धत होती. तिच्यातला शून्य नंबर बरोबर ६ मिलिमीटरचा असतो. दुसऱ्या महायुद्धात एकमेकांचे सुटे भाग जुळेनात, तेव्हा अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी नोव्हेंबर १९४८ मध्ये ६० अंशांच्या समान पद्धतीवर सह्या केल्या. तीच यूएनसी (मोठे आटे) आणि यूएनएफ (बारीक आटे). त्यामुळे पन्नाशीच्या दशकातल्या एकाच ब्रिटिश गाडीत बॉडीवर यूएनएफ, गिअरबॉक्सवर बीएसएफ आणि डिस्ट्रिब्युटरमध्ये बीए असे तीनही आटे निघू शकतात.

सर्वांत धोकादायक असतात ते जवळजवळ जुळणारे आटे. पाव इंच बीएसएफला इंचात २६ आटे, यूएनएफला २८. दोन फेरे जाऊन बोल्ट अडतो, म्हणून निदान चूक कळते तरी. पाव इंच व्हिटवर्थ आणि पाव इंच यूएनसी या दोन्हींना मात्र इंचात २०च आटे. एक दुसऱ्यात शेवटपर्यंत सहज जातो. पण एकाचा कोन ५५, दुसऱ्याचा ६०, त्यामुळे उतार पूर्ण टेकत नाहीत, एका रेषेवर टेकतात. आवळताना सगळं ठीक वाटतं आणि भाराखाली आटे सोलून निघतात. आट्यांचा गेज फण्यासारखा टेकवून उजेडासमोर धरला तर फट दिसते. ज्याच्याकडे जुनी गाडी आहे त्याच्याकडे ५५ आणि ६० अंशांचे दोन्ही गेज हवेतच.

मॉरिस या ब्रिटिश कंपनीच्या इंजिनांत तर आणखी गुंता आहे. ती इंजिनं बनवणारा कारखाना आधी हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा होता आणि तिथली यंत्रं मेट्रिक होती. म्हणून आटे मेट्रिक ठेवले, पण गिऱ्हाइकाकडचे पाने चालावेत म्हणून डोकी व्हिटवर्थ मापाची. एमजीच्या टी मालिकेतल्या एक्सपीएजी इंजिनातही हाच वारसा आला. त्यातल्या ८ मिलिमीटरच्या बोल्टचा पीच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, १ मिलिमीटर आहे. आज दुकानात मिळणाऱ्या साध्या ८ मिलिमीटर बोल्टचा १.२५. डोकं व्हिटवर्थचं दिसतंय म्हणून व्हिटवर्थचा बोल्ट घातला किंवा मेट्रिक आहे म्हणून आजचा मेट्रिक घातला, तरी दोन्ही वेळा सिलिंडर ब्लॉकचे आटे जातात.

व्हिटवर्थ पान्यावरचा आकडाही नवख्याला चकवतो. तो डोक्याची रुंदी सांगत नाही, बोल्टची जाडी सांगतो. पाव इंच व्हिटवर्थ पान्याचं तोंड सुमारे १३.३ मिलिमीटर असतं. १३ चा पाना त्यावर चढत नाही आणि १४ चा चढतो, पण फिरतो. जुन्या बोल्टांची डोकी गोल झालेली दिसतात ती अशाच चढलेल्या पान्यांमुळे. योग्य पाना घेतला असता तर यातले निम्मे बोल्ट आजही कोऱ्यासारखे राहिले असते.

स्वच्छ करताना होणारा घात

मूळ बोल्ट वाचवायचा ठरला की पुढची पायरी गंज काढण्याची. इथे हौशी माणूस अॅसिडकडे वळतो. साध्या पोलादाच्या बोल्टला त्याने फार बिघडत नाही. कडक पोलादाची गोष्ट वेगळी. अॅसिडमध्ये आणि विजेच्या मुलाम्यात हायड्रोजन तयार होतो आणि तो धातूत शिरतो. बोल्ट दिसायला सुंदर होतो, आवळल्यावर धरतोही, आणि काही तासांनी किंवा दिवसांनी उभ्या गाडीतच काचेसारखा तुटतो. साधारण १०.९ आणि त्यावरच्या दर्जाच्या बोल्टांना हा धोका आहे. सोड्याच्या पाण्यात बॅटरी लावून गंज काढायची घरगुती पद्धतही यातून सुटत नाही, कारण तिथे हायड्रोजन बोल्टवरच तयार होतो.

कडक बोल्टवर मुलामा द्यायचाच असेल तर दिल्यानंतर लवकरात लवकर, काही तासांच्या आत, सुमारे २०० अंश सेल्सिअसला बराच वेळ भाजून हायड्रोजन बाहेर काढावा लागतो. मुलामा देणाऱ्याला हे स्पष्ट सांगून, लिहून घ्यावं. त्याहून सुरक्षित म्हणजे गंज घासून किंवा अॅसिड नसलेल्या, गंज विरघळवणाऱ्या द्रावणात काढणं आणि वर फॉस्फेट व तेलाचा काळा थर देणं. कित्येक जुन्या गाड्यांवर मूळचाही तसाच काळा थर होता, म्हणजे दिसायलाही तेच खरं.

मधल्या दशकांतल्या बोल्टांवर बऱ्याचदा कॅडमियमचा मुलामा असतो, फिकट रुपेरी किंवा सोनेरी झाकेचा. कॅडमियम विषारी आहे. त्यावर वायर-ब्रशचं चाक लावू नका, ग्राइंडर लावू नका आणि तापवू तर अजिबात नका. त्याची धूळ आणि वाफ फुप्फुसात गेली तर जीव जाऊ शकतो.

आट्यांवरून नवा डाय (आटे कापायचं हत्यार) फिरवून ते ‘साफ’ करायची सवयही सोडायला हवी. डाय गंजाबरोबर चांगला धातूही कापतो आणि लाटलेल्या आट्यांचा कडक थर सोलून काढतो. आटे नुसते सरळ करणारं वेगळं हत्यार मिळतं, ते वापरावं.

मुलामा बदलला की आवळायचं गणितही बदलतं. पाना फिरवताना लावलेल्या जोरापैकी साधारण नऊ दशांश घर्षणातच जातो, बोल्ट ताणायला जेमतेम एक दशांश उरतो. कोरड्या पोलादासाठी गाडीच्या पुस्तिकेत दिलेला टॉर्क (आवळायचा पीळ) तेल लावलेल्या बोल्टला तसाच दिला तर ताण तिसऱ्या हिश्श्याने वाढू शकतो. पुस्तिका कोरडे आटे धरते की तेल लावलेले, ते आधी वाचा.

कोणता ठेवायचा, कोणता नाही

कनेक्टिंग रॉडचे बोल्ट मी जुने ठेवत नाही, ते कितीही देखणे असोत. इंजिनाच्या प्रत्येक फेऱ्याला त्यांच्यावर ताण चढतो-उतरतो आणि किती फेरे झालेत ते कुणालाच ठाऊक नसतं. फ्लायव्हीलच्या बोल्टांचंही तेच. स्टिअरिंग आणि ब्रेकचे बोल्ट ठेवायचे तर चुंबकीय कणांच्या तपासणीत चीर नाही हे दिसल्यावरच.

बाकीच्यांसाठी सोपी परीक्षा आहे. चांगला नट बोटांनी बोल्टवर शेवटपर्यंत फिरवा. मध्येच जड झाला तर बोल्ट तिथे लांबला आहे, तो बाद. एकाच जागेचे सगळे बोल्ट शेजारी ठेवून लांबी मोजा. एखादा जास्त लांब निघाला तर तोही बाद. डोक्याखाली दांडा बारीक झालाय का, गंजाने खड्डे पडलेत का ते पाहा. वरवरचा गंज निरुपद्रवी असतो, खड्डा मात्र चिरेची सुरुवात असते. बॉडी, मडगार्ड, ब्रॅकेट, झाकणं इथले बहुतेक मूळ बोल्ट या परीक्षेत पास होतात आणि गाडीचं मूळ रूप याच दिसणाऱ्या बोल्टांवर असतं. कॉर्व्हेट गाड्यांच्या जाणकारांच्या परीक्षणात तर डोक्यावरच्या खुणांपर्यंत तपासणी होते.

नटांकडेही बघा. एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर पितळी नट असतील तर ते पितळीच ठेवा, उष्णतेत पोलादाचे नट स्टडला (डोकं नसलेल्या, आटे असलेल्या दांडीला) चिकटून बसतात आणि काढताना स्टड तुटतो. खाचांच्या नटातली स्प्लिट पिन दर वेळी नवी घ्या. त्या जागी नायलॉनच्या कड्याचा नट घालू नका, निदान गरम जागी तरी नाही, कारण १२० अंशांच्या आसपास नायलॉन हार मानतं.

आणि स्टेनलेस. गंजत नाही म्हणून लोक सगळी गाडी स्टेनलेसने भरतात. नेहमीचा ए२-७० दर्जाचा स्टेनलेस बोल्ट ४५० मेगापास्कलला कायमचा लांबू लागतो, ८.८ चा ६४० ला. शिवाय स्टेनलेसवर स्टेनलेस आवळताना आटे एकमेकांत रुततात आणि नट तिथेच वेल्ड केल्यासारखा बसतो. अॅल्युमिनियममध्ये बसवला तर ओलाव्यात अॅल्युमिनियमच खाल्लं जातं. नंबर प्लेटला लावा, सस्पेन्शनला नको.

मूळ बोल्ट बाद झाला आणि तसा दुसरा मिळतच नसेल तर बनवून घ्यावा लागतो. टर्नरकडे जाताना जुना बोल्ट नमुना म्हणून न्याच, पण तेवढ्यावर सोडू नका. पोलादाचा दर्जा आणि त्याचं प्रमाणपत्र, कोऱ्या दांड्याची लांबी आणि भोकाशी जुळणारी जाडी, आट्याचा कोन, डोक्याखालची गोलाई, हे सगळं कागदावर लिहून द्या. गोलाई लिहिली नाही तर टर्नर हमखास काटकोनी कोपरा काढतो आणि नवा बोल्ट बरोबर त्या कोपऱ्यात तुटू शकतो.